तार, भिंत आणि कुलूप : घरातल्या राउटरचा इतिहास

गणपती ही विद्येची आणि लेखनाची देवता. व्यासांनी सांगितलेले महाभारत गणेशाने लिहून घेतले, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. त्या कथेत दोन अटी आहेत. गणेशाची अट अशी की सांगणाऱ्याने मध्ये थांबायचे नाही. व्यासांची अट अशी की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. या दोन्ही अटी आज आपल्या घरात कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या एका डब्यालाही लागू आहेत. निरोप न थांबता पोहोचला पाहिजे, ही त्या डब्याची जबाबदारी. आणि समजल्याशिवाय तो घ्यायचा नाही, ही आपली.

त्या डब्याला राउटर म्हणतात. स्मरणिकेसाठी इतिहासाचा लेख लिहायचा ठरले तेव्हा आम्ही हाच विषय घेतला. त्याचे कारण साधे आहे. आमचे शिक्षण तंत्रशाखेच्या डिप्लोमाचे आणि नोकरी राज्य सरकारची. त्यामुळे ओळखीच्या मराठी घरांतून आम्हाला एक प्रश्न नेहमी येतो, "मुलीसाठी लॅपटॉप घेतलाय, आता राउटर कोणता घेऊ?" प्रत्येकाला दोन मिनिटांत उत्तर देण्यापेक्षा या वस्तूचा इतिहासच सांगावा असे वाटले. हा डबा आजच्या रूपात का आला, हे कळले की तो कसा निवडायचा हे आपोआप कळते. आमच्या मते निवडीचे तीनच शब्द आहेत : तार, भिंत आणि कुलूप. दुकानात मात्र भलत्याच चौथ्या गोष्टीवर बोलणे होते, ती म्हणजे खोक्यावर छापलेला मोठा आकडा.

निरोपाचे गाव

हजीरा म्हटले की आज खताचा कारखाना, पोलाद, वायू आणि बंदर डोळ्यांपुढे येते. पण हा किनारा मुळात निरोपांचा किनारा आहे. तापीच्या मुखाजवळचे आपले सुवाली हे सुरतेचे समुद्रावरचे दार होते. १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' जहाजातून सुरतेला आला. १६१२ मध्ये सुवालीसमोर इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो याच किनाऱ्यावर उतरला. त्या काळी सुरतेच्या वखारीतून निघालेले पत्र आफ्रिकेला वळसा घालून लंडनला पोहोचायला सहा महिने आणि अनेकदा त्याहून जास्त काळ लागे. उत्तर यायचे तर वर्ष सरून जाई.

१८५० च्या दशकात तार आली. कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली आणि दिवसांचे काम तासांवर आले. १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. आपल्या घरांत मात्र टेलिफोन यायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. अर्ज करून वर्षानुवर्षे थांबलेले लोक आपल्यात आजही आहेत. आम्ही डिप्लोमाला होतो तेव्हा रात्री दर कमी झाल्यावर एसटीडी बूथसमोर रांग लागे. खानदेशात किंवा कोकणात गावी फोन लावायचा तर शेजाऱ्याच्या घरी निरोप ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा लावावा लागे. पैसे मात्र काचेमागच्या लाल आकड्यांप्रमाणे पळत. तारसेवा तर २०१३ च्या जुलैमध्ये कायमची बंद झाली.

या सगळ्या साधनांत एक गोष्ट समान होती. निरोप घराच्या दारापर्यंत येई आणि तिथेच थांबे. पोस्टमन ओट्यावर उभा राही, फोनही बैठकीच्या खोलीत एका जागी बांधलेला असे. घराच्या आत, या खोलीतून त्या खोलीत निरोप फिरवण्याचे काम राउटरने पहिल्यांदा केले. त्याचा इतिहास दोन बाजूंनी येतो, एक तारेच्या बाजूने आणि दुसरा हवेच्या बाजूने.

तार

भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडायचा, तो कर्कश किंचाळायचा, आणि मग सेकंदाला ९.६ किलोबिट या वेगाने माहिती यायची. आजच्या मोबाइलने काढलेला तीन मेगाबाइटचा एक फोटो त्या वेगाने यायला चाळीस मिनिटांहून अधिक लागली असती. तेवढा वेळ घरचा फोन अडकून राहणार, हे वेगळेच.

पुढे २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग आणि जोडणी सतत चालू, याला ब्रॉडबँड म्हणायचे असे ठरले. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने घरगुती ब्रॉडबँड सुरू केले. तोच फोटो आता दीड मिनिटात येऊ लागला, आणि त्याच तारेवर फोनही चालू राहू लागला. २०१३ मध्ये ही किमान मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये ती २ मेगाबिटवर नेण्यात आली. आज घराघरांत काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची जोडणी आहे आणि ५० किंवा १०० मेगाबिटची योजना ही सामान्य गोष्ट झाली आहे.

या इतिहासातून राउटर घेणाऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात.

पहिली अशी की तारेचे रूप बदलले तसा डबाही बदलला. तांब्याच्या टेलिफोन तारेच्या काळात मोडेम आणि राउटर एकाच डब्यात येत आणि त्याला फोनची पिन लागे. फायबरला तो डबा चालत नाही. फायबरच्या टोकाला कंपनीचा स्वतःचा डबा लागतो, तो प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतात करतो, आणि बहुतेक वेळा राउटरही त्याच्याच पोटात असतो. म्हणून नातेवाइकाने दिलेला जुना डबा घेण्याआधी मागे वळवून पाहावा. 'वॅन' असे लिहिलेले, नेहमीच्या फोनच्या पिनेपेक्षा रुंद भोक असेल तरच तो फायबरच्या डब्याला जोडता येईल.

दुसरी गोष्ट वेगाची. राउटर इंटरनेट निर्माण करत नाही, आलेले वाटतो. टाकीतच पाणी कमी असेल तर मोठा नळ बसवून धार वाढत नाही. योजना ५० मेगाबिटची असेल तर हजारो मेगाबिटचे राउटर आणूनही ५० च मिळणार. उलट योजना २०० किंवा ३०० ची असेल आणि राउटरची भोके १०० मेगाबिटची असतील, तर पैसे तिनशेचे भरून वापर शंभराच्याही आत राहील. म्हणून १०० च्या वरची योजना असेल तर 'गिगाबिट' भोकांचा राउटर घ्यावा, आणि खाली असेल तर त्या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नयेत. जाता जाता एक हिशेब : योजनेतला आकडा बिटमध्ये असतो आणि फाइल उतरवताना दिसणारा वेग बहुधा बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला बारा मेगाबाइट दिसले तर कोणी फसवले असे समजू नये.

हवा

आता दुसरी बाजू. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी तारेशिवाय, मध्ये भिंती असताना, पलीकडच्या खोलीतली घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली. घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बिनतारी संकेत जातो, हे आपल्याच देशात सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांनी पाहिले होते.

मोठ्या अंतराची बिनतारी सेवा महाराष्ट्रातून सुरू झाली, हे फार थोड्यांना माहीत असते. १९२७ मध्ये इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली, तिचे पाठवण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि घेण्याचे केंद्र दौंडला होते. दोन्ही एका जागी ठेवली नाहीत, कारण शेजारी कोणी ओरडत असेल तर दूरची कुजबुज ऐकू येत नाही. १९७१ मध्ये जुन्नर भागातल्या आर्वीला उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले.

पण हवा सगळ्यांना खुली नव्हती. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांच्यामुळे लहरी पाठवणारे किंवा घेणारे कोणतेही यंत्र ठेवायचे तर परवाना लागे. आपल्यातल्या ज्येष्ठांना रेडिओचे लायसन्स आठवत असेल. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, पुस्तिकेत तिकिटे चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ते १९८० च्या दशकात बंद झाले. आजचा राउटर हा तर छोटे प्रक्षेपण केंद्रच आहे. जुन्या नियमाने तो ठेवायचा तर प्रत्येक घराला दिल्लीहून परवाना आणावा लागला असता.

ही कोंडी आधी परदेशात फुटली. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रे एकाच लहरीवर जोडली. दोघे एकदम बोलले आणि निरोप आदळले, तर प्रत्येकाने थोडा वेळ थांबायचे आणि पुन्हा पाठवायचे, हा त्यांचा नियम. वाय-फायमध्ये त्यात आधी ऐकून घेण्याची भर पडली. मंडळाच्या सभेत एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने उठावे, तसा हा शिरस्ता आहे. १९८५ मध्ये अमेरिकेने काही लहरी अशा वापरासाठी परवान्याशिवाय मोकळ्या केल्या. १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले प्रमाण ठरले, वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये 'बी' प्रमाणाने तो ११ वर नेला आणि त्याच वर्षी ॲपलने बिनतारी जोडणीची सोय असलेला घरगुती लॅपटॉप बाजारात आणला. २००३ मध्ये इंटेलच्या 'सेंट्रिनो' लॅपटॉपांनी ही सोय सर्वत्र पोहोचवली.

भारतात २००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने अधिसूचना काढून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी परवानामुक्त केल्या. वर सांगितल्याप्रमाणे घरगुती ब्रॉडबँडही त्याच महिन्यात आले. घरापर्यंतची तार आणि घरातली हवा, दोन्ही एकाच महिन्यात आपल्याला मिळाल्या. भारतातल्या घरगुती राउटरची जन्मतारीख लिहायची तर आम्ही तो महिना लिहू. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये घराबाहेरच्या वापरासाठीही मोकळा झाला.

मोकळ्या हवेची किंमतही आहे. ती सगळ्यांची आहे. २.४ गिगाहर्ट्झवर तुमचा राउटर, शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे सगळे एकाच चौकात उभे असतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच धरतात : १, ६ आणि ११. आठ फ्लॅटच्या मजल्यावर आठ राउटर असतील तर गर्दी होणारच. ५ गिगाहर्ट्झवर मार्ग पुष्कळ आणि गर्दी कमी. म्हणून आज राउटर घ्यायचा तर दोन्ही पट्ट्यांचा, म्हणजे 'ड्युअल बँड' घ्यावा. केवळ २.४ चा स्वस्त राउटर एकट्या घरासाठी ठीक, पण इमारतीत त्याने समाधान होणार नाही.

भिंत

दोन पट्टे आहेत तर जलद तोच का वापरू नये? इथे भिंत आडवी येते. लहर जितकी आखूड, तितकी ती भिंतीत जास्त अडते. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची सहा सेंटिमीटरच्या आतबाहेर. पहिली हळू पण लांब जाते, दुसरी जलद पण खोलीपुरती. जुन्या सुरतेतल्या लाकडी घरांत एकच राउटर माडीपर्यंत पोहोचतो. आपल्या वसाहतींतल्या सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या घरांत दुसऱ्या भिंतीनंतरच ५ गिगाहर्ट्झ दम सोडते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज आणि पाण्याची टाकी हे लहरींचे आणखी शत्रू.

भिंतींचा दुसरा त्रास म्हणजे प्रतिध्वनी. मोठ्या रिकाम्या सभागृहात बोललेले शब्द एकमेकांत मिसळून जातात, तसे घरात लहरी भिंतींवर आपटून मागेपुढे पोहोचतात आणि निरोपाची खिचडी होते. यावरचे एक महत्त्वाचे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या 'सीएसआयआरओ' या सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शोधले. जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांचे सहकारी मुळात रेडिओ दुर्बिणीचे लोक. अंतराळातून येणारे अंधुक संकेत वेगळे काढण्याचे गणित त्यांना अवगत होते. एका जलद प्रवाहाऐवजी निरोप अनेक सावकाश प्रवाहांत वाटून पाठवायचा, म्हणजे प्रतिध्वनी आला तरी अक्षर पुसत नाही, अशी ती युक्ती. १९९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पुढे या पेटंटपोटी त्या संस्थेला चाळीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रक्कम मिळाली.

या संस्थेचे आणि महाराष्ट्राचे जुने नाते आहे. गोविंद स्वरूप हे आपले थोर शास्त्रज्ञ १९५३ मध्ये याच संस्थेत शिकायला गेले होते. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या बत्तीस लहान तबकड्या पुढे भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या. तिथून सुरू झालेला प्रवास नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन पोहोचला, जिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महादुर्बीण आहे. ती जागा निवडताना आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट कमी असावा हे पाहिले गेले. पुण्याहून गावी जाताना बसमधून त्या तबकड्या पाहिलेले आपल्यात कित्येक असतील. ज्या विद्येने त्या आकाश ऐकतात, त्याच विद्येच्या घराण्यातले गणित आपल्या बैठकीच्या खोलीतल्या राउटरमध्ये काम करते.

खोडदचा धडा घरातही लागू पडतो : यंत्राइतकीच जागा महत्त्वाची. हजीऱ्याच्या दीपगृहाचा दिवा उंचावर का आहे, हे लहान मूलही सांगेल. राउटर मात्र आपण टीव्हीमागे, जमिनीलगत किंवा कपाटात कोंबतो. तो घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर, मोकळा ठेवावा. वायरमनला पाच-दहा मीटर वायर जास्त ओढायला सांगावी. नवा राउटर घेण्याआधी जुना दोन दिवस तिथे ठेवून पाहावा, पुष्कळ घरांत खर्च तिथेच वाचतो.

घर दोन मजली असेल किंवा शेवटच्या खोलीत तीन भिंती ओलांडून जायचे असेल, तर एका महागड्या राउटरपेक्षा 'मेश' प्रकारचे दोन साधे डबे बरे. एकाने दुसऱ्याच्या हाती निरोप द्यायचा. आणि लॅपटॉप टेबलावरच वापरायचा असेल, मुलांची ऑनलाइन परीक्षा असेल, तर सरळ वायर जोडावी. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आली तेव्हा ज्या घरांत एक वायर टेबलापर्यंत ओढलेली होती, तिथे हजेरीच्या वेळी 'आवाज येत नाही' हे वाक्य कमी ऐकू आले.

कुलूप

लहर भिंतीत अडते खरी, पण तुमच्या दाराशी थांबत नाही. रस्त्यावर, जिन्यात, शेजाऱ्याच्या गच्चीत ती पोहोचते. म्हणून तिसरा शब्द कुलूप, आणि हा आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो.

आपण मराठी माणसे सुरतेत राहतो, त्यामुळे १६६४ च्या जानेवारीतला इतिहास इथे सांगायला नको. महाराज आले तेव्हा शहराला नावापुरती मातीची भिंत होती. ज्या इंग्रज वखारीने आपली दारे आधीच बंद करून पहारा बसवला होता, ती वाचली. शहराभोवती विटांचा पक्का कोट बांधला गेला तो नंतर. संपत्तीचे शहर आणि कच्ची भिंत हा जोड फार काळ टिकत नाही. आज आपल्या बँकेची खाती, आधार, मुलांचे फोटो सगळे या बिनतारी वाटेने जाते.

वाय-फायचे पहिले कुलूप 'डब्ल्यूईपी' नावाचे होते. २००१ मध्येच ते फोडता येते हे संशोधकांनी दाखवून दिले. २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए २' आले आणि २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए ३'. राउटर घेताना खोक्यावर 'डब्ल्यूपीए ३' पाहावे. जुन्या लॅपटॉपला ते जमत नसेल तर 'डब्ल्यूपीए २' चालेल, त्याहून जुने मुळीच नको.

हे कुलूप उघडे राहिले तर काय होते, हे आपल्या शहराने जवळून पाहिले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या दिवसांत सुरतेत ठिकठिकाणी न फुटलेले बॉम्ब सापडले, आणि आपण सगळ्यांनी ते दिवस जीव मुठीत धरून काढले. स्फोटांच्या थोडे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत पोहोचला. त्या घरातल्या माणसाचे वाय-फाय सुरक्षित नव्हते आणि बाहेरच्यांनी ते वापरले होते, असे तपासात पुढे आले. ज्याचा कटाशी संबंध नव्हता त्याच्या दारी पोलीस गेले. २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या. आपल्या नावावरच्या जोडणीवरून कोणी काही केले, तर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जाणार, हे प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवावे.

कुलपाची दुसरी बाजू खुद्द डब्याची आहे. राउटर हा छोटा संगणकच आहे आणि त्यालाही रोग होतात. २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या घातक प्रणालीने पन्नासहून अधिक देशांतले पाच लाखांवर राउटर आणि तत्सम उपकरणे ग्रासल्याचे उघड झाले. म्हणून ज्या कंपनीचे राउटर स्वतःहून अद्ययावत होतात तेच घ्यावेत. बसवताना दोन पासवर्ड बदलावेत : एक वाय-फायचा आणि दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. बसवणारा मुलगा पहिला बदलून देतो, दुसरा बहुधा कारखान्यातून आला तसाच राहतो. किल्ली कुलपालाच लटकत ठेवण्यासारखे ते आहे.

वीज

एक गोष्ट जुन्या फोनची आठवण काढून सांगावीशी वाटते. घरची वीज गेली तरी तो फोन चालू राही, कारण त्याला लागणारी वीज टेलिफोन केंद्रातल्या बॅटऱ्यांमधून तारेतूनच येई. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. त्यामुळे विजेचा कडकडाट तारेतून घरात शिरण्याची भीती कमी झाली, पण घरची वीज गेली की फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बंद. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा बराच भाग पाण्याखाली गेला, तेव्हा बाहेरगावच्या नातेवाइकांना 'आम्ही सुखरूप' एवढे कळवणे किती मोठे वाटले, हे ज्यांनी अनुभवले ते विसरणार नाहीत. म्हणून राउटरसोबत छोटा यूपीएस घ्यावा, तो दोन्ही डब्यांना पुरेल असा पाहावा. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच घ्यावेत. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी सगळी जोडणी उंचावर करावी.

निवड

आता खोक्यावरच्या आकड्याकडे येऊ. 'एसी १२००' म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७ मेगाबिट, यांची बेरीज करून वर ढकललेला आकडा. लॅपटॉप साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे बेरीज त्याला कधीच मिळत नाही. शिवाय हवेत पाळीपाळीने बोलायचे असल्याने प्रत्यक्ष वेग छापील आकड्याच्या निम्म्याच्या आसपास धरावा.

लॅपटॉपच्या आत कोणते वाय-फाय आहे, हेही पाहावे. २००९ चे 'एन', २०१३ चे 'एसी' किंवा वाय-फाय ५, आणि २०२१ चे 'एएक्स' किंवा वाय-फाय ६, अशा पिढ्या आहेत. लॅपटॉप वाय-फाय ५ चा असेल तर वाय-फाय ७ चा राउटर त्याला तरुण करू शकत नाही. घरात सात-आठ उपकरणे असतील तर वाय-फाय ६ चा उपयोग होतो, कारण त्यात अनेकांना एकाच पाळीत थोडे थोडे वाटून देण्याची सोय आहे.

तेव्हा दुकानात जाण्याआधी कागदावर पाच ओळी लिहाव्यात. योजना किती मेगाबिटची. फायबरच्या डब्यात राउटर आधीच आहे का आणि तो दोन्ही पट्ट्यांचा आहे का. लॅपटॉप कोणत्या पिढीचा. राउटरपासून टेबलापर्यंत भिंती किती. एका वेळी उपकरणे किती. दोन खोल्यांचे क्वार्टर, ५० ते १०० मेगाबिटची योजना आणि तीन-चार उपकरणे असतील, तर कंपनीने दिलेला दोन पट्ट्यांचा डबा योग्य जागी ठेवला की पुरतो, वेगळा राउटर घ्यायचे कारण नाही. तीन खोल्यांचा फ्लॅट, आसपास गर्दी आणि सात-आठ उपकरणे असतील, तर वाय-फाय ६, गिगाबिट भोके आणि 'डब्ल्यूपीए ३' असलेला साधा राउटर घ्यावा. बंगला किंवा रो-हाऊस असेल तर मेश. दुकानदार 'साहेब, आ लई जाव' म्हणेल तेव्हा हा कागद त्याच्यापुढे ठेवावा.

शेवटी या दिवसांपुरते एक काम. गणपतीत घर पाहुण्यांनी भरते. आरती झाली, प्रसाद झाला की कोणीतरी वाय-फायचा पासवर्ड विचारतेच, आणि नाही म्हणणे आपल्या संस्कारात बसत नाही. बहुतेक नव्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळी जोडणी करण्याची सोय असते. तिला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्यावा, आणि तो कागदावर लिहून मखराशेजारी लावावा. पाहुण्यांचे आदरातिथ्य होईल आणि घरच्या लॅपटॉपची खोली बंद राहील. विसर्जनानंतर ती जोडणी बंद करायला विसरू नये.

गणपती बाप्पा मोरया!